सकाळी मळमळतं आणि कारण सापडत नाही? आधी वेळ पाहा

बाईला लागोपाठ दोन दिवस सकाळी मळमळलं की सासूबाईंची नजर कॅलेंडरकडे जाते. तो अंदाज खरा असू शकतो, म्हणून आधी त्याचाच निकाल लावावा. पण तो खोटा ठरला की बहुतेक घरांत ‘पित्त झालंय’ एवढ्यावर शोध थांबतो, आणि तिथेच चुकतं. मळमळ अंथरुणात येते, चहाआधी येते, गोळीनंतर येते की न्हाणीत, यावरून कारणाचा माग बराचसा लागतो.

पहिली गोष्ट, लघवीची चाचणी

औषधाच्या दुकानातलं साधं प्रेग्नन्सी किट पुरतं. फक्त त्यावरची मुदत पाहून घ्या. सकाळची पहिली लघवी कोरड्या वाटीत धरा, किटसोबतच्या ड्रॉपरनं त्यावर सांगितले असतील तेवढेच थेंब टाका आणि दिलेल्या वेळेत, बहुधा ५ मिनिटांत, निकाल वाचा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती धरायची. तासाभरानं उमटलेली मात्र धरायची नाही. पाळी चुकल्याच्या दिवसापासून ही चाचणी भरवशाची असते. पाळी मुळातच अनियमित असेल, तर शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवसांनी करा. ‘नाही’ आलं आणि तरी पाळी आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा करा. घाई करणं आणि भरपूर पाणी पिऊन लघवी पातळ होणं ही खोट्या ‘नाही’ची नेहमीची कारणं.

‘माझ्या बाबतीत शक्यच नाही’ असं तिघी हमखास म्हणतात: अंगावर पाजणारी, चाळिशीत पाळी मागंपुढं होऊ लागलेली आणि नुकताच थोडा रक्तस्राव झालेली. तिघींनीही चाचणी करावी. पाजत असताना पाळी परत येण्याआधीही दिवस राहू शकतात, आणि गर्भारपणाच्या सुरुवातीचा रक्तस्राव पाळीसारखा वाटू शकतो.

मग आठवडाभराची वही

चाचणी ‘नाही’ म्हणाली की सात दिवस रोज चार गोष्टी लिहा: उठल्याची वेळ, मळमळ सुरू झाल्याची वेळ, रात्रीचं शेवटचं खाणं (काय आणि किती वाजता) आणि घेतलेल्या गोळ्या. पाळीचा कितवा दिवस तेही टिपा. रविवार आणि सुट्टीच्या दिवसावर खूण करा, ती पुढं उपयोगी पडते.

कूस बदलताना खोली गरगर फिरली, मिनिटाच्या आत थांबली आणि मळमळ मागं राहिली, तर दोष बहुधा पोटाचा नसून कानाचा असतो. आतल्या कानातले बारीक कण जागा सोडतात. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोकं ठरावीक क्रमानं वळवून ते परत जागेवर आणतात. चक्करच्या गोळ्या महिनोन्महिने घेऊन हे कण हलत नाहीत.

उठून बसताच घशात कफ आणि खाकरताना उमासे येत असतील, तर रात्रभर नाकातलं पाणी घशात उतरत असणार. आपल्याकडं पावसाळ्यात हे फार, कारण भिंतींना आणि कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. रात्री झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्यानं नाक धुवा: पेलाभर पाण्याला पाव ते अर्धा चमचा मीठ. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. विहिरीचं किंवा नळाचं थेट घेऊ नका.

तोंड आंबट, छातीत जळजळ, सकाळी आवाज बसलेला, असं असेल तर आम्ल वर येतंय. रात्री दहाला तिखट हुमण-भात (माशांची आमटी आणि भात) खाऊन साडेदहाला आडवं होणं हे यामागचं नेहमीचं कारण. चवथीत नेवऱ्या (करंज्या) आणि जागरणं, उन्हाळ्यात हुर्राक (काजूची दारू) यांची त्यात भर पडते. जेवण आणि झोप यांत ३ तास ठेवा, डाव्या कुशीवर झोपा. खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर ठेवून ६ ते ८ इंच उचला. दोन उशा घेऊन भागत नाही, कारण त्यानं पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो.

रिकाम्या पोटी मळमळ आणि दोन घास पोटात गेल्यावर आराम, असं असेल तर उपवासाचे तास मोजा. रात्री साडेसातला जेवून सकाळी नुसता कडक चहा आणि दहाला पेज, म्हणजे पोट चौदा तासांहून जास्त रिकामं. श्रावणी सोमवारी तर त्याहून जास्त. उठल्याबरोबर एक पाव किंवा दोन बिस्किटं खा आणि चहा त्यानंतर प्या. तीन-चार दिवसांत फरक पडला तर कारण सापडलं.

गोळ्यांकडं सगळ्यांत कमी लक्ष जातं. लोहाची गोळी, पीसीओएससाठी (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा बिघाड) किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, पाळीच्या दुखण्यावरच्या मेफेनॅमिक ॲसिडसारख्या गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, नैराश्यावरच्या औषधांचे पहिले एक-दोन आठवडे: सगळ्यांनी मळमळू शकतं. मेटफॉर्मिन आणि दुखण्याची गोळी जेवणासोबत घ्यावी. गर्भनिरोधक गोळी सकाळऐवजी रात्री घेतली की बरेचदा प्रश्न सुटतो. लोहाची गोळी दिवसाआड घ्यायला डॉक्टर परवानगी देतात का ते विचारा; थायरॉईडची गोळी चालू असेल तर दोन्हींत ४ तासांचं अंतर हवं. पावसात शेताच्या चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोपासून (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) बचावासाठी डॉक्सीसायक्लिन दिली असेल, तर ती खाऊन झाल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवं होऊ नये. दिवस गेल्याची शंका असेल तर ती घेण्याआधीच डॉक्टरांना सांगावं. कुठलीही नेहमीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

आंघोळीच्या वेळीच डोकं जड, मळमळ, पायांत बळ नाही आणि बाहेर आल्यावर बरं वाटतं? न्हाणीघर बंद आणि आत गॅस गीझर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. या वायूला वास नाही. घरातल्या दुसऱ्या कुणाला तेच होत असेल तर संशय पक्का. गीझर बंद करा, खिडक्या-दारं उघडा, सगळे बाहेर या आणि तडक इस्पितळ गाठा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी खोटा चांगला आकडा दाखवतं. रक्ताचीच तपासणी लागते. गीझर न्हाणीबाहेर बसवेपर्यंत तो वापरू नका.

वहीत रविवार कोरे आणि सोमवार भरलेले दिसले, तर ताणाचा विचार करा. मळमळ त्यामुळं खोटी ठरत नाही. पोट ताणाला खरोखरच प्रतिसाद देतं. पाळीच्या आधल्या-मागच्या दोन दिवसांत एका बाजूचं डोकं ठणकतं आणि उजेड सहन होत नाही, तेव्हा अर्धशिशी धरावी.

वाट पाहू नये अशा खुणा

पोटाच्या खालच्या भागात एका बाजूला तीव्र दुखणं, सोबत रक्तस्राव, चक्कर किंवा खांद्याच्या टोकाला कळ असेल, तर गर्भ गर्भाशयाबाहेर असू शकतो. तेव्हा १०८ला फोन करा. ओकारीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही, काळी शौच, २४ तास पाणीही न टिकणं, लघवी जवळजवळ बंद होणं, रोज पहाटे वाढणारी डोकेदुखी आणि अंधुक दिसणं, छातीत दाब आणि घाम, यांतलं काहीही असेल तर तडक बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज किंवा जवळचं जिल्हा इस्पितळ गाठा. डोळे पिवळे, लघवी गडद आणि जेवणाचा वासही नको, ही काविळीची लक्षणं. तीही लांबवू नयेत.

दोन आठवड्यांत उलगडा झाला नाही तर डॉक्टरांकडं वही आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा. साधारणपणे हिमोग्लोबिन, साखर, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, लघवी, आणि तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर पित्तखड्यांसाठी सोनोग्राफी, असा क्रम असतो. पोटातल्या हेलिकोबॅक्टर जंतूसाठी शौच किंवा श्वासाची चाचणी सांगितली, तर ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या २ आठवडे आणि प्रतिजैविकं ४ आठवडे आधी थांबलेली असावी लागतात, नाहीतर जंतू असूनही निकाल ‘नाही’ येऊ शकतो. म्हणून अशी गोळी चालू असल्याचं चाचणी लिहून घेतानाच सांगा.