साडेतीन टक्के अल्कोहोलची हॉपी एल (हॉप्स या सुगंधी फुलांची घरगुती बिअर): आदल्या रात्री काढून ठेवायचं सामान

कूलबॉक्स आधी गरम करा. बाकी यादी उद्या वाचलीत तरी चालेल. माझी मागची बॅच इथेच गेली. ७५ अंशाचं पाणी गार कूलबॉक्समध्ये ओतलं, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) घातलं, झाकण लावलं. दहा मिनिटांनी बघतो तर थर्मामीटर ६३ वर. शेवटी ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; यीस्ट साखर खाईल तशी उतरते) १.००५ पर्यंत उतरली, आणि बिअर ठरवल्यापेक्षा कडक होऊनही चवीला पाणी घातलेल्या वरणासारखी.

हलक्या बिअरला हा फटका जास्त बसतो, कारण धान्य कमी असतं. वीस लिटरला सगळं मिळून जेमतेम ३.२ किलो: २.७ किलो मॅरिस ऑटर माल्ट, ३०० ग्रॅम ओट्स, २०० ग्रॅम हलकं क्रिस्टल माल्ट. मॅशला, म्हणजे धान्य कूलबॉक्समध्ये गरम पाण्यात भिजवायला, पाणी ९ लिटर. एवढ्याशा लगद्यात उष्णता ती किती, आणि त्यातली बरीच प्लास्टिकच्या जाड भिंतीच पिऊन टाकतात. आपल्याला हवेत ६८ अंश. ६३ च्या आसपास माल्टमधलं बीटा अमायलेज हे एन्झाइम स्टार्चची अशी साखर करतं की यीस्ट ती जवळजवळ सगळी खातं, तोंडात रेंगाळायला काही उरत नाही. आणि नंतर उकळतं पाणी घालून तापमान वर नेलंत तरी तोवर झालेलं काम उलटत नाही. म्हणून किटलीभर उकळतं पाणी कूलबॉक्समध्ये ओता, झाकण लावा, पंधरा मिनिटं थांबा, मग ओतून द्या. थांबायचा कंटाळा आहे? मग मॅशचंच पाणी ८२ ला नेऊन आत ओता आणि ७५ वर उतरलं की धान्य घाला. काहीही करा, पण डबा गरम करा.

थर्मामीटर आज रात्रीच उकळत्या पाण्यात आणि बर्फात तपासा. तो खोटं बोलत असेल तर वरचं सगळं वाया.

माल्ट दुकानातूनच भरडून आणा. घरच्या मिक्सरला फिरवू नका, पीठ होतं आणि कूलबॉक्सचा नळ चोंदतो. सॅनिटायझर, चमचा, हायड्रोमीटर: सांगायला नकोच.

पाणी. आमच्याकडे रेडिंगला किटलीत पांढरा थर बसतो इतकं जड पाणी येतं. तीस लिटर आदल्या रात्री भरून ठेवा आणि त्यात अर्धी कॅम्पडेन गोळी चुरून टाका, नाहीतर क्लोरीनमुळे बिअरला जखमेच्या पट्टीचा वास येतो. क्षारता उतरवायला थोडं लॅक्टिक ॲसिड, आणि हॉप्स उठून दिसावेत म्हणून चमचाभर जिप्सम.

हॉप्स फ्रीझरमधून तोलून, पुड्या करून, वर वेळ लिहून ठेवा. कडवटपणाला १० ग्रॅम मॅग्नम पुरे. अंगात दम नसलेल्या बिअरमध्ये कडवटपणा एकटाच पुढे येतो, त्यामुळे इथे हात आखडता. सगळी उधळपट्टी नंतर: आच बंद करून वॉर्ट (माल्टचं गोड पाणी) ८० वर आणलं की ६० ग्रॅम सिट्रा, वीस मिनिटं. ड्राय हॉपला, म्हणजे नंतर आंबत्या बिअरमध्ये थेट घालायला, आणखी १०० ग्रॅम.

यीस्टची एक पुडी, ११ ग्रॅम. मी विंडसर घेतो. ते माल्टोट्रायोज ही साखर खात नाही, म्हणून थोडं अंग शिल्लक राहतं. पण यीस्टच्या भरवशावर गार डब्यात मॅश करू नका.

पुण्याहून कुणी वाचत असेल तर: हा उद्योग तिकडे विनापरवाना करता येत नाही. इंग्लंडात १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकायला मात्र लागतो. आणि हलकी बिअर म्हणजे नवं फॅड नव्हे. पबमध्ये संध्याकाळभर बसून चार पाइंट पिऊन सरळ चालत घरी जाणाऱ्यांची ही जुनी सोय. ऑगस्ट २०२३ पासून साडेतीन टक्क्यांखालच्या बिअरला कर कमी लागतो, तेव्हा ब्रुअरीवाल्यांनाही तिची आठवण झाली.

आता सकाळ. डबा गरम केलात? मग मॅश: ६८ अंश, एक तास, गुठळ्या फोडा आणि मग सारखं झाकण उघडून बघू नका. स्पार्ज (धान्यावर गरम पाणी सोडून उरलेली साखर धुऊन काढणं) बारा लिटरवर थांबवा. धान्य कमी आहे, जास्त धुतलंत तर टॅनिन उतरून बिअर तुरट होते. कमी पडेल ते पाणी सरळ पातेल्यात घाला. एक तास उकळी. वॉर्ट गार करायची तांब्याची कॉइल शेवटच्या पंधरा मिनिटांत आत सोडा. सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०३६, शेवटची १.०१० च्या आसपास. फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) १८ ते २० अंशांवर.

चौथ्या-पाचव्या दिवशी फेस बसत आला की ड्राय हॉप, तीन दिवस. पटकन घाला, पटकन झाका, ढवळू नका. हवा लागली की वास गेला.

बाटल्या: १०० ग्रॅम साखर उकळून सगळ्या बॅचला. दोन आठवडे खोलीत, मग फ्रिज. आठवड्याभरात एक उघडून बघणारच आहात, बघा. सपक लागली तर पुन्हा साखर घालू नका, फुटतात.