अंक आणि अक्षरांची पहिली ओळख : दीड ते साडेतीन वर्षांच्या मुलांसाठी

दोन वर्षांचे मूल पाहुण्यांसमोर एकपासून दहापर्यंत घडाघडा म्हणून दाखवते, तेव्हा त्याला आकडे येऊ लागले असे घरातल्यांना वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्याला तेव्हा एखाद्या बडबडगीतासारखी दहा शब्दांची माळ पाठ झालेली असते. संख्यांची नावे क्रमाने म्हणणे, समोरच्या वस्तू मोजणे आणि ‘३’ हे चिन्ह ओळखणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका दमात येत नाहीत, आणि घरी होणारी बहुतेक ओढाताण या तिन्हींची गल्लत केल्यामुळेच होते.

ही तफावत पडताळून पाहणे सोपे आहे. ताटलीत पाच-सहा चमचे ठेवून ‘मला दोन दे’ असे म्हणावे. अडीच वर्षांचे मूल बहुधा मुठीत येतील तेवढे चमचे उचलून देते. ‘एक’ म्हणजे नेमका एकच, हे साधारण अडीच वर्षांच्या आगेमागे कळते. त्यानंतर काही महिन्यांनी ‘दोन’ आणि मग ‘तीन’ यांचा अर्थ लागतो. मोजताना सर्वांत शेवटी उच्चारलेली संख्या हीच ‘एकूण किती’ याचे उत्तर असते, हे बहुतेक मुलांना साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास उमजते. म्हणून या वयात शंभरपर्यंतच्या उजळणीचा आग्रह धरू नये. एक ते तीन या संख्या पक्क्या कराव्यात आणि जमल्यास पाचपर्यंत जावे.

मोजण्याची रीतही महत्त्वाची आहे. आधी संख्या सांगावी, मग मोजावे आणि शेवटी पुन्हा सांगावे : ‘ताटात तीन पोळ्या आहेत. एक, दोन, तीन. तीन पोळ्या.’ प्रत्येक शब्दाबरोबर एकाच वस्तूला बोट लावावे, किंवा ती वस्तू उचलून बाजूला ठेवावी, कारण लहान मुलांचे बोट आणि तोंड निरनिराळ्या वेगाने धावतात आणि एकाच वाटीवर ‘चार, पाच’ असे दोन आकडे पडून जातात. मोजून झाल्यावर ‘किती?’ असे विचारताच मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर त्याला अजून ‘एकूण’ ही कल्पना आलेली नाही एवढेच समजावे. त्याला ‘चूक’ म्हणण्याचे काही कारण नाही. आपण शांतपणे ‘तीन पोळ्या’ म्हणावे आणि विषय सोडून द्यावा. मराठीची येथे चांगली मदत होते : ‘एक वाटी, दोन वाट्या’, ‘एक पेला, दोन पेले’ असे नामाचे रूपच बदलत असल्याने एक आणि अनेक यांतला फरक कानाला लगेच जाणवतो. सुरुवातीला अशाच वस्तू निवडाव्यात. ‘एक दगड, दोन दगड’ यात तो फरक ऐकू येत नाही. शेंगदाणे, चिंचोके, गोट्या मात्र या वयाच्या मुलांच्या हाती देऊ नयेत, कारण ते घशात अडकू शकतात. लिंबे, वाट्या, डब्यांची मोठी झाकणे पुरेशी आहेत.

चिन्हांची ओळख याच्या मागोमाग, आणि संख्येला चिकटूनच व्हावी. जाड पुठ्ठ्यावर ठळक ‘२’ काढून त्याच्यासमोर दोन लिंबे ठेवावीत, म्हणजे तो आकार कशाबद्दल आहे हे कळते. मराठी घरात मुलाला दोन प्रकारचे आकडे दिसतात : मराठी कॅलेंडरवर एक, तर लिफ्टच्या आणि फोनच्या बटणांवर दुसरे. माझ्या मते सुरुवात देवनागरी अंकांपासून करावी, पण मूल स्वतःहून लिफ्टचे बटण दाखवत असेल तर तेही ‘दोन’च आहे असे सहज सांगावे. सलग दहा आकड्यांचा तक्ता भिंतीवर लावून रोज परीक्षा घेण्यापेक्षा एका आठवड्यात एखादाच आकडा घरभर शोधणे अधिक उपयोगी पडते. ‘१’ आणि ‘९’, तसेच ‘६’ आणि ‘९’ शेजारी शेजारी शिकवू नयेत. ‘३’ आणि ‘उ’, ‘५’ आणि ‘प’ यांतही गोंधळ झाला तर तो मुलाच्या बारीक निरीक्षणाचाच पुरावा मानावा.

अक्षरांची सुरुवात ‘अ आ इ ई’ने करण्याचा रिवाज असला, तरी मुलाला सर्वांत आधी आपलेसे वाटणारे अक्षर त्याच्या स्वतःच्या नावातले असते. त्याच्या पाण्याच्या बाटलीवर, पिशवीवर, चित्रांवर नाव ठळक लिहावे आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवून ‘हा तुझा स’ असे म्हणावे. नाव सई, मनवा किंवा कबीर असे असेल तर काम सोपे होते. स्वरा, श्लोक, प्रिया अशा नावांत जोडाक्षरच पहिले येते, तेव्हा घरातले लाडाचे नाव किंवा ‘आई’, ‘बाबा’, ‘मामा’ हे शब्द घ्यावेत. बाराखडी, काना-मात्रा यांचा या वयात विचारही करू नये.

मराठी अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच असतो, ‘क’ला ‘क’च म्हणतात, ही मोठी सोय आहे. ती वाया जाते ती तक्त्यांमुळे. ‘भ भटजीचा’, ‘य यज्ञाचा’ हे शब्द ज्या मुलाने कधी ऐकलेले नाहीत, त्याला ते चित्र आणि तो ध्वनी यांचा काही संबंध लावता येत नाही. त्यापेक्षा ‘भ भाताचा’, ‘प पोळीचा’ असे त्याच्या ताटातले शब्द घ्यावेत. ‘ण’ने सुरू होणारा रोजचा मराठी शब्द नसल्यामुळे ‘बाणाचा ण’ म्हणावे लागते, तेव्हा ते अक्षर खुशाल नंतरसाठी ठेवावे. ‘क’ दाखवल्यावर मूल दर वेळी ‘कमळ’ म्हणत असेल, तर त्याने चित्र लक्षात ठेवले आहे, अक्षर नव्हे. मग काही दिवस चित्राशिवाय ‘क’ दाखवावा. शिकवताना भ-म, घ-ध, ब-व या जोड्या एकमेकांपासून दूर ठेवाव्यात. ‘गमभन’ हा जुना क्रम हाताला वळण लावण्यासाठी सोयीचा आहे, कारण त्या अक्षरांचे आकार मिळतेजुळते आहेत. नेमक्या त्याच कारणाने नजरेने ओळखण्यासाठी तो सोयीचा नाही.

गिरवण्याची घाई नको. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढताना मुलाचा हात धरावा, त्याचे कौतुक करावे. पण रोज पेन्सिल हातात देण्याइतकी ताकद त्या बोटांत अजून आलेली नसते. कणीक मळणे, कागद फाडणे, ताटात रवा पसरून त्यात बोटाने रेघ ओढणे एवढे पुरे. पुढे लिहिताना अक्षर उलटे आले तरी सहा-सात वर्षांपर्यंत त्यात चिंतेचे कारण नसते.

मोबाइलवरच्या अक्षरगीतांविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : दोन वर्षांपूर्वी पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासापेक्षा जास्त वेळ देऊ नये, त्याहूनही जितका कमी ठेवता येईल तितका बरा.

एक गोष्ट मात्र दुर्लक्षून चालणार नाही. अक्षरे किंवा अंक न ओळखणे ही या वयात काळजीची बाब नाही. परंतु दोन वर्षे पूर्ण झाल्यावरही मूल स्वतःहून दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, किंवा सगळी अक्षरे आणि आकडे झटपट ओळखत असूनही ‘पाणी दे’ एवढे मागत नसेल आणि नजरेला नजर देत नसेल, तर तीव्र बुद्धीचे कौतुक करीत न थांबता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि ऐकण्याची तपासणीही करून घ्यावी.