काकू, वाळू ओली आहे का?

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडले तेव्हा व्हिडिओवर रुग्ण तपासायचा म्हणजे मला थट्टाच वाटायची. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं आम्ही जनावर हाताने चाचपायला शिकलो, आणि आता काचेआडून बघायचं? आज कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात दुपारी दोन ते चार मी हेच करते. महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी नुकतीच हातात पडलेल्यांना या कामात यायचं असेल, तर आधी माझी फजिती ऐका.

सिंहगड रस्त्यावरच्या एका काकूंचा बोका. "डॉक्टर, दोन दिवस शी नाही हो, सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय." मी बद्धकोष्ठ धरून चालले, उकडलेला भोपळाही सुचवला. फोन ठेवता ठेवता काकू म्हणाल्या, "आणि मेला खालचं चाटत बसतो दिवसभर." मी दचकले. ट्रेमधली वाळू ओली आहे का विचारलं. कालपासून कोरडी होती. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम चढत जातं, एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. "काकू, आत्ताच्या आत्ता रिक्षा पकडा." नळी घालून लघवी काढली, बोका वाचला. माझ्या हुशारीने नव्हे, काकूंच्या बडबडीने. तेव्हापासून बोका कुंथतो म्हटलं की माझा पहिला प्रश्न वाळूचा.

म्हणून बोलणाऱ्याला तोडू नका. आणि घरी काय दिलं हे तीनदा विचारा. लोक ओशाळतात, सांगत नाहीत. मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जीवघेणी ठरते.

तपासायला हात त्यांचेच वापरायचे. कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी बोटाने दाबायला लावा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. मोबाइलचा कॅमेरा रंग बदलून दाखवतो, तेव्हा हिरडीशेजारी कोरा कागद धरायला सांगा. हिरडी फिकी आणि अंगावर गोचीड असेल तर रक्ततपासणीशिवाय औषध लिहू नका. झोपलेल्या कुत्र्याचा व्हिडिओ आधीच मागवा. श्वास मिनिटाला १५ ते ३० असतो; झोपेतही सतत तिशीच्या वर असेल तर छाती प्रत्यक्ष तपासायला हवी.

मुळशी, वेल्ह्याकडून गाईंचेही फोन येतात. "परवा व्यायली, आता उठंना." मान कुशीकडे वळलेली, कान हाताला गार लागतात असं म्हणाले की कॅल्शियम उतरल्याची दाट शंका धरायची. सलाईन मात्र फोनवर सांगून द्यायची गोष्ट नाही. कॅल्शियम शिरेतून भराभर गेलं तर गाय जागीच जाते. गावातल्या डॉक्टरांना गाठा, नाहीतर १९६२ या सरकारी पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन करायला लावा.

राहिली फी. ती कॉलआधी घ्या, आणि "दवाखान्यात आणा" एवढंच सांगून संपलेल्या कॉलचीही घ्या. "औषध तर काहीच दिलं नाहीत, मग पैसे कसले?" हे मला अजूनही आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं.