लहान खोलीत फ्लॅशच्या उजेडात बाळाचे छायाचित्र
साताऱ्याच्या जुन्या पेठांतील १० बाय १२ फुटांच्या खोलीत बाळाचे छायाचित्र घेताना फ्लॅश कॅमेऱ्यावर न बसवता ट्रिगरने (कॅमेऱ्याचे बटण दाबताच दूरचा फ्लॅश पेटवणाऱ्या बिनतारी उपकरणाने) जोडून स्टँडवर ठेवावा आणि त्याचे तोंड बाळाकडे नव्हे, तर बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवावे. म्हणजे भिंतीवरून परतलेला मऊ उजेड बाळाच्या चेहऱ्यावर पसरतो. भिंत हिरवी असेल, तर तीच छटा गालांवर उतरते, म्हणून तिच्यावर स्वच्छ पांढरे धोतर ताणून लावावे. शटर १/१६० सेकंद, अ‍ॅपर्चर (भिंगाचे उघडे तोंड) एफ/४ आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४०० ठेवून फ्लॅशची शक्ती पूर्ण शक्तीच्या १/१६ पासून हळूहळू वाढवावी; ही चाचणी आधी बाळाच्या जागी ठेवलेल्या उशीवर घ्यावी. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच, कारण रांगत्या बाळाचा हात सर्वांत आधी तिथेच जातो. दुसऱ्या गालावरची सावली फार गडद वाटल्यास आईने त्या बाजूला पांढरी चादर धरून बसावे.