दुचाकीचा विमा निवडताना होणाऱ्या चुका: फुल की थर्ड पार्टी, एवढाच प्रश्न नसतो

‘फुल करू की थर्ड पार्टी?’ एजंट एवढंच विचारतो, आपणही एवढंच उत्तर देतो आणि दुचाकीच्या विम्याचा विचार तिथेच संपतो. खरं तर त्या एका पॉलिसीत चार वेगवेगळ्या नुकसानांचा प्रश्न असतो: आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं (हेच ‘थर्ड पार्टी’), आपल्या गाडीचं, चालवणाऱ्याच्या जिवाचं आणि मागे बसलेल्याचं. यातलं गाडीचं नुकसान बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त असतं, आणि लोक सगळ्यात जास्त डोकं तिथेच चालवतात. महागात पडणाऱ्या चुका मात्र होतात त्या बहुतेक उरलेल्या तीन ठिकाणी.

‘माझा तर पाच वर्षांचा विमा आहे’

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि ती करणाऱ्याला पत्ताही नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. पण शोरूममध्ये साधारणपणे दिली जाते ती ‘१+५’ पॉलिसी. थर्ड पार्टी पाच वर्षं आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज किंवा ओडी, फक्त एक वर्ष. वर्ष संपलं की हा दुसरा भाग गुपचूप संपतो. वाहतूक पोलिसाने गाडी अडवली तरी थर्ड पार्टी चालू असल्याने कागद वैध दिसतात, त्यामुळे कुणी टोकतही नाही. तिसऱ्या वर्षी गाडी चोरीला जाते, तेव्हा कळतं की वर्षापेक्षा जास्त काळ चोरीचं कव्हरच नव्हतं.

पॉलिसीच्या पहिल्या पानावर विम्याचा कालावधी दोन ठिकाणी छापलेला असतो, एक ओडीचा आणि एक लायबिलिटीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा. दोन्ही तारखा बघा. ओडीची संपत आली असेल तर नुसती ओडीची वेगळी पॉलिसी घेता येते. सप्टेंबर २०१९ पासून ती सोय आहे. ती त्याच कंपनीकडून घ्यायला हवी असं काही नाही. उलट दुसरीकडे बऱ्याचदा स्वस्त मिळते.

थर्ड पार्टीचे भाव शोधत बसणं

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात वर्षाचा दर असा होता: ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसी ७१४, १५० ते ३५० सीसी १,३६६ आणि त्यापुढे २,८०४ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणून कुणी ‘थर्ड पार्टी निम्म्या दरात करून देतो’ म्हणाला, तर खूश होण्याआधी ती पॉलिसी खरी आहे का ते तपासा. गाडीचा नंबर टाकला की एम-परिवहन ॲपवर विम्याची मुदत दिसते.

या भागाला ‘पोलिसापुरता विमा’ म्हणायची पद्धत आहे. मोटार वाहन कायद्यानुसार विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या वेळी दोन हजार, पुन्हा सापडलात तर चार हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते, हे खरं. पण दंड ही त्यातली किरकोळ बाब. तुमच्या गाडीच्या धक्क्याने कुणाचा जीव गेला किंवा कुणी कायमचा अपंग झाला, तर न्यायाधिकरण त्या माणसाची कमाई, वय आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं बघून भरपाई ठरवतं, आणि ती लाखांच्या घरात जाते. थर्ड पार्टीत या भरपाईला वरची मर्यादा नसते. मालमत्तेच्या नुकसानीला मात्र दुचाकीसाठी एक लाखाची मर्यादा आहे. थोडे पैसे वाचवायला ती सहा हजारांवर आणायचा पर्याय काही फॉर्मवर असतो. तो घेऊ नका. हल्लीच्या गाड्यांचा एक दिवा फुटला तरी सहा हजार पुरत नाहीत.

डबलसीट बसणाऱ्याचा विसर

रोज बायको, मुलगी किंवा मित्र मागे बसतो, आणि पॉलिसी असते निव्वळ थर्ड पार्टी. मागे बसणारा हा ‘थर्ड पार्टी’ असणारच, असं आपण धरून चालतो. तसं नाही. निव्वळ कायद्यापुरत्या पॉलिसीत दुचाकीवर मागे फुकट बसलेली व्यक्ती येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसीत (आपण जिला ‘फुल’ म्हणतो) मात्र ती येते. विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना तसं स्पष्ट केलं आणि २०१२ मध्ये न्यायालयानेही ते मान्य केलं.

‘गाडी जुनी झाली, आता फक्त थर्ड पार्टी करू’ हा निर्णय म्हणूनच दिसतो तेवढा सरळ नाही. गाडीची किंमत तीस हजार उरली असेल तर ओडी सोडणं हिशेबाने योग्य असेलही, पण त्याबरोबर मागे बसणाऱ्याचं संरक्षणही जाऊ शकतं. गाडीवर नेहमी डबलसीट असाल, तर काही शे रुपयांसाठी पॅकेज सोडू नका, किंवा मागच्या प्रवाशासाठी वैयक्तिक अपघात कव्हर जोडून घ्या. ओडी आणि थर्ड पार्टी अशा दोन वेगळ्या पॉलिसी असतील, तर मागचा प्रवासी नेमका कुठल्या पॉलिसीत येतो ते कंपनीला ईमेलवर विचारा. तोंडी उत्तर कामाचं नाही.

गाडी वडिलांच्या नावावर, चालवतो मुलगा

पॉलिसीत ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात’ नावाची एक ओळ असते, पंधरा लाखांची. बरेच जण समजतात की गाडी जो चालवेल त्याला हे पैसे मिळतील. ते मिळतात फक्त नोंदणीकृत मालकाला, आणि तोही वैध लायसन्स असलेला हवा. आरसी बुकावर वडिलांचं नाव आणि रोज कॉलेजला गाडी नेतो मुलगा, तर मुलाचा अपघात झाल्यावर या ओळीतून एक रुपया येत नाही. शिवाय दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा कायद्याच्या नजरेत मालकाच्याच जागी असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं आहे. म्हणजे चूक त्याचीच असेल, तर तो त्याच गाडीच्या थर्ड पार्टीत ‘तिसरा’ म्हणूनही बसत नाही.

अशा घरात मुलाच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी काढणं हाच सरळ उपाय. ती माणसाला लागू असते, गाडीला नाही; कुणाचीही गाडी चालवली तरी चालते. मालकाकडे आधीच पंधरा लाखांची अशी पॉलिसी असेल, तर प्रत्येक गाडीबरोबर ही ओळ पुन्हा विकत घ्यायची गरज नाही. घरात तीन गाड्या असलेले लोक तीन वेळा पैसे भरत राहतात. आणि या कव्हरमध्ये दवाखान्याचं बिल येत नाही. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व, एवढंच. एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची दृष्टी गेली तर निम्मी रक्कम. बिलासाठी आरोग्य विमा वेगळाच लागतो.

आयडीव्ही खाली ओढून प्रीमियम वाचवणं

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर मिळणारी कमाल रक्कम. ऑनलाइन विमा घेताना ती खाली सरकवता येते आणि प्रीमियम कमी दिसतो. वाचतात साधारण शंभर-दोनशे, आणि गाडी गेली तर फटका बसतो हजारोंचा. घसाऱ्याचं कोष्टक ठरलेलं आहे: सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीला गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीतून १५ टक्के वजा, एक ते दोन वर्षांच्या गाडीला २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५०. त्याच्या आसपास आयडीव्ही आहे का ते बघा. फुगवूनही फायदा नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवा. आयडीव्ही फार खाली असेल, तर दुरुस्त होण्यासारखी गाडीही भंगारात निघते.

फुल आहे म्हणजे पूर्ण बिल मिळणार

नाही मिळत. साडेतीन वर्षांची गाडी घसरली आणि गॅरेजचं बिल आलं ८,५०० रुपये, असं धरू. त्यात प्लास्टिकचे भाग ४,०००, धातूचे ३,०००, मजुरी १,५००. प्लास्टिक आणि रबरावर ५० टक्के घसारा, म्हणजे मिळणार २,०००. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के, म्हणजे २,२५०. मजुरी पूर्ण. त्यातून सक्तीची वजावट शंभर रुपये. हातात येतात ५,६५०, बाकीचे २,८५० तुमच्या खिशातून. रंगकाम असेल तर रंगाच्या सामानावरही ५० टक्के कापतात.

‘झिरो डेप’ हे जादा कव्हर घेतलं की हा घसारा कापत नाहीत. हल्लीच्या गाड्यांना प्लास्टिक इतकं असतं की पहिली तीन-चार वर्षं ते घ्यावं असं माझं मत आहे. वर्षात किती क्लेम चालतात एवढं मात्र विचारून घ्या.

इथेच आणखी एक ठरलेला सल्ला मिळतो, ‘छोटा क्लेम करू नका, नो क्लेम बोनस जाईल’. कारसाठी तो बऱ्याचदा बरोबर असतो. दुचाकीला आकडे मांडून बघा. हा बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, आणि ती फक्त ओडीच्या प्रीमियमवर मिळते, २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशा पायऱ्यांनी. वरच्या गाडीचा ओडी प्रीमियम बोनसआधी १,००० रुपये असेल आणि आत्ता ३५ टक्के बोनस चालू असेल, तर क्लेममुळे पुढच्या वर्षी ४५ टक्के हुकतात. पायऱ्या पुन्हा चढेपर्यंत पाच वर्षांत मिळून साधारण १,२०० रुपये जातात. त्या बदल्यात आज ५,६५० मिळत असतील तर क्लेम सोडणं हा निव्वळ तोटा. तीन-चार लाखांच्या गाडीचं गणित वेगळं निघेल. ते मांडा, ऐकीव सल्ल्यावर जाऊ नका.

वापर बदलला, पॉलिसी तीच

खासगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापर, मालाची ने-आण आणि शर्यती त्यात बसत नाहीत. संध्याकाळी जेवणाची पार्सलं पोचवणारा किंवा ॲपवर सवारी घेणारा मुलगा याच पॉलिसीवर फिरत असतो. अपघात झाला की सर्व्हेअरचा, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्याचा, पहिला प्रश्न असतो, ‘त्या वेळी कुठे चालला होतात?’ असं काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवा, आणि ज्यांच्यासाठी काम करता त्यांचं अपघात कव्हर काय आहे तेही कागदावर मागा.

दुचाकीचं आणखी एक खास कलम आहे. गाडीला लावलेल्या जोडवस्तू तेवढ्याच चोरीला गेल्या तर भरपाई नाही. गाडीबरोबर गेल्या तरच. पार्किंगमधून नुसता साइड बॉक्स काढून नेला, तर क्लेमचा फॉर्म भरण्यात वेळ घालवू नका. टायर-ट्यूबचंही तसंच. गाडीचं इतर नुकसान झालं असेल तरच, आणि तेही निम्मं. पदरमोड करून बसवलेले महागडे दिवे, गार्ड वगैरे पॉलिसीत लिहून घेतले नसतील, तर गाडी चोरीला गेल्यावर त्यांचे पैसे येतील अशी आशा धरू नका.

पावसाळ्यात पाणी भरणाऱ्या भागात राहत असाल, तर पुराचं नुकसान पॅकेजमध्ये येतं. पण बुडालेल्या गाडीला सेल्फ मारून इंजिन जाम केलं, तर ते ‘परिणामी नुकसान’ म्हणून नाकारतात. इंजिन प्रोटेक्ट हे ॲड-ऑन (जादा पैसे देऊन जोडायचं कव्हर) अशा ठिकाणी पैसे वसूल करतं. डोंगरावर, कोरड्या भागात राहणाऱ्याने ते नाही घेतलं तरी चालेल. पॉलिसी असो वा नसो, पाण्यातून काढलेली गाडी ढकलत गॅरेजला न्या.

जुनी गाडी, जुन्याच मालकाचा विमा

सेकंडहँड गाडी घेताना ‘विमा चालू आहे, मार्चपर्यंत बघायला नको’ असं विकणारा सांगतो. त्यातला थर्ड पार्टीचा भाग गाडीबरोबर नव्या मालकाकडे आपोआप जातो. ओडीचा जात नाही. त्यासाठी हस्तांतरानंतर चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. तोपर्यंत गाडी चोरीला गेली, तर पॉलिसीवर नाव विकणाऱ्याचं, गाडी तुमची, आणि क्लेम दोघांपैकी कुणालाच नाही. नो क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याकडेच राहतो. त्याने कंपनीकडून पत्र घेतलं तर तीन वर्षांत तो आपल्या पुढच्या दुचाकीला लावू शकतो. त्यामुळे पॉलिसी नावावर करताना उरलेल्या मुदतीसाठी बोनसचा फरक तुमच्याकडून मागितला जातो. सौदा ठरवतानाच तो किमतीतून वळता करून घ्या.