एका बैठकीत बंदर रंगवताना

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की चित्रकाराच्या हाती जेमतेम तासभर असतो. होड्या हलतात, पाट्या उचलल्या जातात, सावल्या लांबतात आणि सुवर्णदुर्गाच्या बाजूचा उजेड बघता बघता उतरतो. हे सारे एकाच बैठकीत जलरंगात टिपायचे असेल, तर एक नियम आधीच मान्य करावा: जे लवकर जाणार, ते आधी टिपावे. आकाशापासून सुरुवात करून खाली येण्याची सवय घरी केलेल्या चित्राला चालते. बंदरावर ती पाळली, तर आकाश साडेपाचचे आणि सावल्या सव्वासहाच्या, असे चित्र तयार होते, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी ते खटकतेच.

दिवस निवडताना पंचांग पाहावे. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी बाराच्या सुमारास भरती येऊन संध्याकाळी पाणी दूर ओसरलेले असते, आणि ओल्या वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. होड्या पाण्यावर डुलत असलेल्या हव्या असतील, तर अर्थातच अष्टमीच्या आसपास जावे.

सामान थोडे असावे. तीनशे जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा, जाड), साधारण सात बाय दहा इंचांचा कागद फळीवर टेपने चिकटवलेला, एक इंची चपटा ब्रश, दोन गोल ब्रश, आणि अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ओकर (मातकट पिवळा) व एखादा लाल एवढे रंग पुरतात. पाणी घरून न्यावे. समुद्राच्या पाण्यातले मीठ कागदावर राहते आणि सुकताना रंगात पांढुरके ठिपके उमटतात. कागद सावलीत धरावा, कारण उन्हात चकाकणाऱ्या कागदावर उजळ वाटलेला रंग घरी काळवंडलेला दिसतो.

बसल्यावर पहिली पाच मिनिटे फक्त सावल्यांना द्यावीत. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, आणि तो क्षितिजाजवळ असताना तेवढ्याने सावलीची लांबी पार बदलून जाते; म्हणून होडीची सावली कोठून कोठवर पडली आहे, ते पेन्सिलने आखून घ्यावे आणि पुढे खरी सावली कितीही सरकली तरी कागदावरची रेषा हलवू नये. त्यानंतर ओकर आणि पातळ लालसर रंगाचा एकच सलग हात आकाशापासून वाळूपर्यंत द्यावा, पाण्यावरची चमक मात्र कोरी सोडावी. कोकणातल्या दमट हवेत हा थर सावकाश वाळतो. ही अडचण नसून सोयच आहे: तो अर्धवट ओला असतानाच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून केलेल्या करड्या रंगाने किल्ल्याचा आकार ठेवला, तर त्याच्या कडा आपोआप मऊ होतात. उजेडाविरुद्ध दिसणाऱ्या तटबंदीचे दगड रंगवत बसू नये.

माणसे सर्वांत चंचल असतात, तेव्हा त्यांना रेखाटण्याचा प्रयत्न करू नये. डोक्यासाठी एक ठिपका, अंगासाठी एक फटकारा, आणि पाय ओल्या वाळूत विरघळू द्यावेत. लिलावाभोवतीची गर्दी एकाच गडद आकारात धरावी आणि तिच्यात एखाद्या लुगड्याचा लाल तेवढा उठवावा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७२ मध्ये रंगवलेल्या ल आव्र बंदराच्या प्रसिद्ध चित्रात पुढची होडी अशाच मोजक्या गडद फटकाऱ्यांत उभी आहे, आणि तरीही ती होडीच आहे याविषयी कोणाला शंका येत नाही.

ओल्या वाळूतले प्रतिबिंब मात्र सवडीने पाहण्यासारखे आहे. ते वस्तूच्या बरोबर खाली, उभ्या हाताने रंगवावे. गडद होडीचे प्रतिबिंब होडीपेक्षा किंचित फिके आणि उजळ आकाशाचे आकाशापेक्षा किंचित गडद असते. सावली सूर्याच्या उलट दिशेला पडते, प्रतिबिंब आपल्याकडे येते. या दोन दिशा एकमेकींत मिसळल्या की वाळू ओली वाटेनाशी होते, आणि मग कितीही रंग ओतला तरी उपयोग होत नाही.

आखलेली सावली आणि समोरची सावली यांत ओळख उरली नाही की ब्रश खाली ठेवावा, कोपरा कोरा राहिला तरी चालेल. घरी दुरुस्ती करू नये. आठवणीतून घातलेला रंग उरलेल्या चित्राशी जुळत नाही, असे माझे ठाम मत आहे. मागे ठिकाण, वेळ आणि तिथी लिहावी. दुसऱ्या दिवशी भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, त्यामुळे तोच उजेड आणि तेच पाणी लगेच एकत्र मिळत नाही. पुढच्या पक्षात त्याच तिथीला वेळा पुन्हा जुळतात, तेव्हा नवा कागद घेऊन त्याच जागी बसावे.