श्रुतिकेवरून रहस्यपट: कोकणातल्या एकाच घरात, कमी खर्चात

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या हॅमर या लहानशा कंपनीने बीबीसी नभोवाणीच्या लोकप्रिय मालिकांवरून कमी खर्चाचे रहस्यपट काढले. ‘डिक बार्टन’ ही मालिका १९४६ ते १९५१ या काळात पंधरा-पंधरा मिनिटांच्या भागांत ऐकवली जात असे आणि तिच्यावरचा पहिला चित्रपट १९४८ साली आला. पुढे ‘द मॅन इन ब्लॅक’ या १९५० च्या चित्रपटासाठी कंपनीने थेम्सकाठचा ओकली कोर्ट हा वाडाच वापरला. श्रोत्यांना नाव आधीच ठाऊक होते आणि घर आयते मिळाले होते, म्हणून जाहिरात आणि सेट या दोन्हींवरचा खर्च वाचला. कोकणात श्रुतिका, म्हणजे नभोवाणीवरचे नाटक, पडद्यावर आणू पाहणाऱ्याने हाच हिशेब समोर ठेवावा.

आधी लेखी परवानगी घ्यावी. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे साहित्यकृतीचा स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे लेखकाचे वारस आणि श्रुतिका प्रसारित करणारे केंद्र या दोघांकडेही विचारणा करावी.

घर निवडताना गणपती आणि शिमगा सोडून एरवी कुलूपबंद असणारे एखादे चिरेबंदी कौलारू घर पाहावे. मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्या सर्व हिस्सेदारांची, मुंबईच्या चाकरमान्यांचीसुद्धा, संमती आधी मिळवावी. ‘द मॅन इन ब्लॅक’मध्ये वारसा मिळालेल्या मुलीला वेडे ठरवण्याचा डाव सावत्र आई आणि बहीण रचतात, आणि भाऊबंदकी जवळून पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला असे कथानक समजावून सांगावे लागत नाही. अंधाऱ्या माजघरात काचेच्या कौलातून उतरणारा उन्हाचा कवडसा ही तर फुकट मिळालेली प्रकाशयोजनाच आहे. तो दिवसभर सरकत राहतो, म्हणून आदल्या दिवशी दर अर्ध्या तासाला तो कुठे पडतो याची नोंद करावी आणि त्याच क्रमाने दृश्ये लावावीत.

संहितेवरचे काम सर्वांत नाजूक असते, आणि माझ्या मते बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. श्रुतिकेतले पात्र ‘दार उघडं कसं राहिलं?’ असे बोलून दाखवते, कारण श्रोत्याला दार दिसत नसते. पडद्यावर ते वाक्य काढून केवळ उघडे दार दाखवावे. ध्वनी मात्र जपावेत. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्यांची करकर ऐकून श्रोत्याने मनात जे भय उभे केले, ते गुन्हेगाराचा चेहरा लवकर दाखवल्यास विरून जाते. म्हणून शेवटापर्यंत रिकामा हलणारा झोपाळाच दाखवावा. निवेदकही सरसकट वगळू नये. हॅमरने व्हॅलेंटाइन डायल या नभोवाणीवरच्या निवेदकालाच ‘द मॅन इन ब्लॅक’ चित्रपटात ठेवले होते, आणि ज्या प्रसंगाचे चित्रीकरण परवडत नाही तो निवेदकाच्या दोन वाक्यांत उरकता येतो.

चित्रीकरण पावसाळ्यात ठेवू नये, कारण कौलांवरच्या सरींखाली संवाद बुडतात. त्या सरींचा आवाज तेवढा वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवावा. दशावतारातले कलाकार हवे असल्यास जत्रांचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या तारखा धराव्यात. लिखित संहितेशिवाय उत्स्फूर्त संवाद बोलण्याची त्यांची ताकद अमूल्य आहे, फक्त मोकळ्या रंगमंचासाठी कमावलेला आवाज ध्वनिग्राहकासमोर खाली आणण्याचा सराव त्यांच्याकडून दोन दिवस आधी करून घ्यावा. किनाऱ्यावरचे दृश्य दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवायचे असेल, तर ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते हे धरून वेळ बदलावी. समुद्राची गाजही भरतीनुसार बदलते, म्हणून प्रत्येक ठिकाणी संवादांविना पाच मिनिटांचा आवाज घेऊन ठेवावा. संकलनात तुकडे जोडताना तोच उपयोगी पडतो.

संकलन झाल्यावर मूळ श्रुतिका न ऐकलेल्या एखाद्या माणसाला पडदा झाकून केवळ आवाज ऐकवावा. ज्या प्रसंगात त्याला सारे काही कळते, त्या प्रसंगातले संवाद अजून कमी करायचे राहिलेले असतात.